ट्रायलला आलेल्या दोघी

रेग्झिनच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवून सारख्या लांबीच्या कापल्या आणि घरच्या मशीनवर शिवल्या, की शेवटच्या टाक्याशी वरची पट्टी खालच्या पट्टीपेक्षा बोटभर जास्त उरत असे. सुरुवातीला दोन्ही कडा जुळलेल्या. मध्यावर वरची किंचित सैल. टोकाला बोटभर. शिवणारा हात घाईत असो की निवांत, फरक तेवढाच.

लवळ्यातल्या शंभूच्या सीट कव्हरच्या दुकानात या बोटभर फरकाबद्दल दोन मतं होती. कापायचं काम शंभूचं आणि शिवायचं काम त्याची बायको शुभांगी हिचं. शंभूच्या मते शिवताना शुभांगीचा हात वाकडा जात होता. शुभांगीच्या मते कापताना शंभूची कात्रीच वाकडी जात होती. खरं कारण दोघांच्या मधे ठेवलेल्या, शुभांगीच्या माहेरून आलेल्या काळ्या मशीनमध्ये होतं. घरगुती मशीनचे दाते फक्त खालच्या पट्टीला पुढे ओढतात. वरची पट्टी मशीनच्या पायाखाली अडून मागे रेंगाळते. सुती कापडात हे लक्षात येत नाही, चिकट रेग्झिनमध्ये येतं. पण हे त्या दोघांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि वाद तर लग्नापासून घरातच राहायला आलेला. त्याला उठवायचं कोणाच्या मनातही येत नव्हतं.

नवीन, मोठी, कारखान्यात असते तशी मशीन घ्यायची, हे मात्र ठरलेलं होतं. कुठली घ्यायची, हे ठरायचं होतं. म्हणजे शंभूने ठरवायचं होतं, आणि अडचण तिथेच होती. शंभूला कोणाला नाही म्हणवत नसे आणि हो म्हणायची भीती वाटे. या दोन्हींच्या मधे 'बघू' नावाची एक ऐसपैस जागा आहे, तिथे तो बहुतेक वेळ बसलेला असे. दुकानाच्या पाटीवर नुसतं 'सीट कव्हर्स' लिहिलेलं होतं. नाव ठरलं की रंगवू, म्हणून पेंटरने डावीकडे हातभर जागा सोडली होती. तो पेंटर आता पेंटिंग सोडून टेकडीवरच्या कॉलेजात वॉचमन झाला होता.

पुण्यात मशीन विकणारे दोघं शंभूच्या चांगल्या ओळखीचे झाले होते. दयानंद नावाचा तरुण दुकानदार टेबलाची मशीन विकायचा: मोठं सपाट टेबल आणि त्यात बसवलेली मशीन. विठ्ठलराव नावाचे वयस्कर गृहस्थ नळीची मशीन विकायचे. तिला टेबल नव्हतं. जाड नळीसारखा एक लोखंडी हात पुढे आलेला, त्याच्याभोवती माल गुंडाळून शिवायचा. दोन्ही मशीन्सचा पाय वरच्या पट्टीलाही बरोबर घेऊन पुढे चालणारा होता.

"सोफा म्हणजे मोठा माल," दयानंद म्हणायचा. "मोठ्या मालाला टेबल पाहिजे."

"टेबल काय हो, घरोघरी असतं," विठ्ठलराव म्हणायचे. "नळी बघा. रिक्षाची सीट, बॅग, पर्स, गोल, वाकडं, काहीही शिवा. उद्या पर्सची ऑर्डर आली तर काय कराल?"

शंभूकडे आजवर कोणी पर्स शिवायला आलं नव्हतं. पण उद्या आली तर काय, या विचाराने तो परतीच्या बसमध्ये चांदणी चौकापासून लवळ्यापर्यंत अस्वस्थ असायचा.

एकदा जेवताना शुभांगी म्हणाली, "चामडं जड असतंय. टेबल नसलं तर खाली लोंबतंय, आन टाका वडतंय."

"बघू," शंभू म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने रिक्षावाल्यांना, सलूनवाल्याला आणि वॉचमन झालेल्या त्या पेंटरलाही विचारलं. मतं तीन मिळाली.

सोफ्याचा आणि चामड्याचा विषय निघाला तो दादासाहेबांमुळे. दादासाहेब पुण्याचे. मुठा गावात नदीकाठी त्यांचा बंगला होता, आणि त्या बंगल्यात मुलीचा, स्वरदाचा, साखरपुडा व्हायचा होता. त्यांनी जुना सोफा आणि तपकिरी अस्सल चामड्याचा गुंडाळा शंभूच्या ओसरीवर आणून टाकला. "हे नीट झालं तर खोऱ्यातले सगळे बंगले तुमच्याकडे येतील," ते म्हणाले. "पण या घरच्या मशीनवर नको हं. चामड्याला एकदा भोक पडलं की बुजत नाही. नवीन घेणार आहात ना?"

"ठरतंय," शंभू म्हणाला.

शंभूने कापायचं काम भराभर उरकलं. कात्री एकच होती, त्यामुळे तिथे निवडीचा प्रश्न नव्हता. शुभांगीने कुठला तुकडा कुठे लागतो ते मागच्या बाजूने खडूने लिहून ठेवलं. मग शिवायचं राहिलं. ती रोज दुपारी तुकडे उलगडायची, त्यांच्यावरून तळहात फिरवायची आणि पुन्हा गुंडाळून ठेवायची. रेग्झिनच्या सीटा शिवण्यात तिचा जन्म गेला असता तरी तिने तक्रार केली नसती. पण हे हाताखालून गेलेलं चामडं न शिवता परत गेलं असतं, तर ते ती विसरली नसती.

"आत्या, हात लावून बघा," ती सासूला म्हणाली.

रंभाबाईंनी हात लावला. "माझ्या वहाणंपरीस मऊ हाय की गं. ह्याच्यावर बसायचं? ह्याची तर उशी करावी."

शेवटी दयानंदनेच फोनवर तोडगा काढला. "चार दिवस ट्रायलला ठेवा. आवडली तर ठेवा, नाहीतर परत." यात ठरवायचं काहीच नव्हतं, म्हणून शंभू लगेच म्हणाला, "पाठवा." तासाभराने विठ्ठलरावांचा फोन आला. त्यांनीही तेच सुचवलं. एकाला पाठवा म्हटल्यावर दुसऱ्याला नको कसं म्हणायचं? शिवाय विठ्ठलरावांचं वय बघता त्यांची मशीन यायला आठवडा तरी लागेल, असा हिशोब करून शंभू त्यांनाही म्हणाला, "पाठवा की."

विठ्ठलराव वयस्कर होते, पण त्यांचा टेम्पो नवा होता.

टेबलाची मशीन आली तेव्हा शंभू आणि शुभांगी फोम आणायला पिरंगुटला गेले होते. ओसरीवर रंभाबाई लसूण सोलत होत्या आणि शंभूचे वडील कोंडिबा आडवे झाले होते.

"अवो, उठा. मशीन आली."

"कसली?"

"शिवायची. शंभूनं घेतली येकदाची."

कोंडिबा उठून बसले. "आपल्या शंभूनं? ठरवलं त्यानं?"

"ठरवल्याबिगर टेम्पो आला व्हय दारात?"

हे तर्काला धरून होतं. कोंडिबांनी टोपी घातली.

त्या घरात कुठलंही यंत्र रंभाबाईंनी पूजा केल्याशिवाय चालू झालेलं नव्हतं. विहिरीवरचा पंप, मिक्सर, टीव्ही, सगळ्यांना कुंकू लागलेलं होतं. वरच्या खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या कॉलेजच्या मुलांच्या मोटारसायकलीही सुटल्या नव्हत्या. अमोघ नावाच्या एका मुलाने शोरूममधून नुसती चक्कर मारून बघायला म्हणून मोटारसायकल आणली होती. तो वर जाऊन पाणी पिऊन येईपर्यंत हँडलला झेंडूची माळ होती. शेवटी त्याला तीच घ्यावी लागली.

मशीनला हळद लागली. तेलात कालवलेल्या कुंकवाने डोक्यावर स्वस्तिक निघालं. माळ पडली. कोंडिबांनी नारळ फोडला आणि ते आपणहून पेढे आणायला गेले. शंभूची मोटारसायकल गावात शिरली तेव्हा निम्म्या गावाचं तोंड गोड झालेलं होतं.

"आई, ही ट्रायलची हाय," शंभू फोमचा गठ्ठा डोक्यावर तसाच ठेवून म्हणाला.

"ट्रायल म्हंजी?"

"म्हंजी चार दिस ठिवून बघायची. न्हाई पटली तर परत धाडायची."

"परत?" रंभाबाईंचा हात छातीवर गेला. "लक्षुमी हाय ती. दारात आली, कुंकू लावलं, माळ घातली. आन तू परत धाडतुया? जरा तरी लाज वाटू दे."

शंभूला एक उपाय सुचला. फोम चिकटवायच्या कामासाठी दुकानात थिनर असायचं. स्वस्तिक पुसलं तर पूजा झाल्याचं दिसणार नाही, असं त्याला वाटलं. त्याने फडकं भिजवून जोरात घासलं. थिनरला काय पुसायचं आणि काय ठेवायचं हे कळत नाही. ज्याच्यात जे विरघळतं ते विरघळतं. कंपनीचं सोनेरी अक्षरांतलं नाव एका फटक्यात फडक्यावर आलं. कुंकू मात्र लोखंडाच्या रंगात मुरलं होतं. ते फिकट गुलाबी होऊन जागच्या जागी राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळीची आली.

"आई, हिला हात लावायचा न्हाई," शंभूने आधीच बजावलं. "हळद न्हाई, कुंकू न्हाई, काय न्हाई. ही पाव्हणी हाय."

"न्हाई लावत बाबा," रंभाबाई म्हणाल्या आणि ओसरीवर दोन्ही मशीनींच्या समोर बसून राहिल्या. शंभू दुपारपर्यंत पहाऱ्याला होता. मग एक रिक्षावाला फाटकी सीट घेऊन आला आणि शंभूला तेवढ्यापुरतं दुकानात जावं लागलं. तो परत आला तेव्हा नळीच्या टोकाला ओलं कुंकू होतं.

"आई!"

"मग काय करू? सकाळपास्नं बघत्ये. येकीला कुंकू, माळ, पेढं. दुसरी गुमान कोपऱ्यात हुबी. दोघी येकाच दारात आल्यात ना? तिनं काय घोडं मारलंय?"

पेढे पुन्हा आले. शेजारच्या गंगूबाई दुसऱ्यांदा पेढा घ्यायला आल्या आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "कारखाना टाकताय म्हनं. आमच्या सुनेला बी घ्या की शंभूभाऊ. बटनं लावती."

शंभूने दोन्ही मशीनींवर पलंगपोस टाकले आणि फतवा काढला, की ठरेपर्यंत कोणी एक टाकासुद्धा घालायचा नाही.

"मग ट्रायल कशाची घ्यायची?" शुभांगीने विचारलं.

"वापरली तर घ्यावी लागंल."

"आन न वापरता कसं ठरणार?"

"बघू," शंभू म्हणाला.

अशा रीतीने ट्रायलचे दिवस संपत आले, तरी ट्रायल सुरू झाली नव्हती. बातमी मात्र दुधाच्या गाडीबरोबर मुठ्याला दादासाहेबांपर्यंत पोचली होती.

रविवारी दुपारी दयानंद स्कूटरवरून आला. शंभू जेवून, लुंगी लावून ओसरीवर बसला होता.

"अभिनंदन!" दयानंद लांबूनच ओरडला. "फाट्यावर पत्ता विचारला तर माणूस म्हणाला, पूजा झाली ते घर का? मला वाटलंच होतं. कुठाय आमची मशीन?" त्याने एक पलंगपोस उचलला. तो चुकीचा निघाला. "ही कोण?"

"ती विठ्ठलरावांची."

"कोण विठ्ठलराव?"

"मी," अंगणातून आवाज आला. विठ्ठलराव बसने आले होते आणि रुमालाने मान पुसत होते. नळीवरचं कुंकू बघून त्यांचा चेहरा उजळला. "वा! लागलं कुंकू. मी घरी म्हणतच होतो, माणूस सावकाश आहे, पण ठरवेल."

दयानंदने दुसरा पलंगपोस उचलला आणि खाली वाकला. "शंभू, आमच्या कंपनीचं नाव कुठं गेलं?"

"पुसलं."

"कशानं?"

"थिनरनं."

"का पण?"

"कुंकू काढायला."

"कुंकू तर आहे इथे."

"व्हय. ते न्हाई निघालं."

"अहो, नाव नसलेली मशीन मी कोणाला देऊ आता?"

"त्यात काय येवढं?" रंभाबाई आतून ताक घेऊन येत म्हणाल्या. "सासरी आल्यावर नाव बदलतंच की, भाऊ. घ्या, ताक घ्या."

दयानंदने ताक घेतलं, पण मशीन परत नेणार नाही हा हेका सोडला नाही. विठ्ठलरावही समजुतीने पण ठाम बोलले. "पूजा झालेली मशीन मी परत नेत नाही, शंभू. दुसऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगू? एका घरात पूजा झाली, पेढे वाटले आणि मग नको म्हणाले, असं? कोण घेईल तिला?"

"येकदम बरोबर," रंभाबाई म्हणाल्या.

"आई, तू कुनाच्या बाजूनं हायेस?"

"म्या मशीनींच्या बाजूनं."

इतक्यात दारात रिकामा टेम्पो थांबला आणि पुढून दादासाहेब उतरले. ओसरीवर दोन दुकानदार, दोन मशीन्स, आणि आपल्या सोफ्याचा उघडा सांगाडा त्यांनी बघितला.

"शंभू, ठरली का मशीन?"

"ठरतंय, दादासाहेब."

"मला कळलं कसं ठरतंय ते. दोन मशीन्स, दोनदा पेढे आणि टाका एक नाही. साखरपुडा पुढच्या आठवड्यात आहे. पाहुण्यांना काय सांगाड्यावर बसवू? आत्ता, माझ्यासमोर ठरलं तर ठीक. नाहीतर सोफा टेम्पोत टाकतो आणि पुण्याला नेतो. चामड्यासकट."

शुभांगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिने चामड्याच्या गुंडाळ्याकडे बघितलं, मग शंभूकडे. 

"चालवून बघतो," तो म्हणाला आणि उठला.

"मी बसते," शुभांगी पुढे आली.

"तू थांब. ठरवायचं मला हाय."

नळीची मशीन जवळ होती, एवढ्याच कारणाने तो नळीच्या मशीनवर बसला. त्याने सोफ्याच्या पाठीचे दोन मोठे तुकडे घेतले आणि कडा जुळवल्या. विठ्ठलरावांनी दोरा ओवून दिला आणि बटण दाबलं. मोटर पिठाच्या गिरणीसारखी घुमू लागली.

"पायाला हळू हं," विठ्ठलराव म्हणाले. "नुसता टेकवा."

शंभूचा पाय घरच्या मशीनचा होता. त्या मशीनवर तो फक्त तेल घालून झाल्यावर बसत असे, आणि तेव्हा पाय जोरात मारावा लागे. त्याने तसाच मारला. मशीनने चामडं हातातून ओढून घेतलं. सुरुवातीला सगळं सुरेख चाललं. पण चामडं जड, आणि त्याला टेकायला टेबल नाही. दोन्ही तुकडे नळीवरून घसरून शंभूच्या मांडीवर आले आणि तिथून खाली जाऊ लागले. त्याने घाबरून, खालून दोन्ही हात घालून, मांडीवरचं सगळंच्या सगळं उचललं आणि सुईसमोर धरलं. त्यात लुंगीही होती.

"अवो, लुंगी!" शुभांगी ओरडली.

त्याच क्षणी लाइट गेली. लोडशेडिंग दोनला होतं आणि दोन वाजले होते. पण वीज गेली म्हणून फिरतं चाक लगेच थांबत नाही. आपल्या वजनाच्या जोरावर ते आणखी थोडं फिरलं आणि लुंगीवर आणखी थोडे टाके पडले.  सुई शंभूच्या बोटांपासून बोटभर अंतरावर चामड्यात रुतून थांबली होती.

हाताने चाक फिरवून सुई वर आणायची असते, हे शंभूला माहीत होतं. कुठे थांबायचं हे माहीत नव्हतं. त्याने आणखी दोन टाके घातले.

"आता हात नका लावू," शुभांगी म्हणाली. तिने चाक धरलं, सुई वर आणली, पाय उचलला आणि दोरा तोडला. मशीन सुटली. चामडं आणि शंभू सुटले नाहीत. शिवण सोफ्याच्या पाठीवरून सरळ येऊन लुंगीच्या चौकटीच्या नक्षीतून पार गेली होती.

"उठा बघू," कोंडिबा म्हणाले.

"आबा, कसा उठू?"

तो उठला असता, तर जड चामडं लुंगीला लोंबलं असतं आणि लुंगी फक्त कमरेच्या एका गाठीवर उभी होती. पुढे काय झालं असतं, हे सांगायला पदार्थविज्ञान लागत नाही. गंगूबाई शेजारच्या कुडावरून मान वर करून बघत होत्या. वरच्या जिन्यात भाड्याने राहणारी मुलं जमली होती.

दादासाहेब चष्मा लावून वाकले आणि त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं. "टाका मात्र सुंदर आहे. मला असाच पाहिजे. फक्त लुंगी नको."

"टेबल असतं तर माल मांडीवर आलाच नसता," दयानंद म्हणाला.

"पँट असती तरी आलं नसतं काही," विठ्ठलराव म्हणाले.

शुभांगी दोघांचंही ऐकत नव्हती. तिने चामड्याचं टोक उचलून उजेडात धरलं. वरचा तुकडा आणि खालचा तुकडा एकाच रेषेत संपत होते. बोटभर नाही, नखभरही नाही. तिने पुन्हा एकदा बघितलं.

"अवो, कड बघा."

शंभूने बसल्या जागी मान वाकडी करून बघितली. "सारखी हाय."

"म्हंजी कात्री सरळ हाय तुमची."

 आज शंभूने स्वतः शिवलं होतं आणि त्याचा हात कसा चालतो हे सगळ्या गावाने बघितलं होतं. तरीही कड सारखी आली होती. "आन तुझा हात बी सरळच असनार," तो म्हणाला.

इतक्या वर्षांचा वाद असा लुंगीवर मिटला. शुभांगी क्षणभर हसली. मग तिने शिवणाच्या डब्यातून उसवायचं ब्लेड काढलं आणि ती त्याच्यासमोर बसली.

"भोकं पडली ना गं चामड्याला?" शंभूने हळूच विचारलं.

"शिवण हितंच यायची होती. त्याच भोकांतून परत शिवीन. हातानं चाक फिरवत. कळायचं बी न्हाई." तिने ब्लेड शिवणीजवळ नेलं आणि थांबवलं. "पर आधी सांगा. कुटली ठेवायची?"

"आधी उसव तरी."

"आधी सांगा."

"कात्रीनं काप लुंगी."

"आत्यांनी दिवाळीला घेतलेली हाय."

"अगं पर कसं सांगू? दोघींची पूजा झालीया! हे दोघं बी परत न्यायला तयार न्हाईत. येक ठेवली तर दुसरीला कुटं धाडू?"

 दयानंद आपल्या बिननावाच्या मशीनकडे आणि विठ्ठलराव आपल्या नळीवरच्या कुंकवाकडे बघत राहिले. टेम्पोवाल्याने बाहेरून हॉर्न वाजवला.

"लेक जाती की," रंभाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या रिकामे पेले गोळा करत होत्या.

"काय म्हणालात?" दादासाहेबांनी विचारलं.

"लेक जाती की घरातनं. हळद लागती, कुंकू लागतं, आन जाती. तिला कोन परत धाडली म्हनतं का? वटी भरायची, नारळ द्यायचा, येशीपातूर पोचवायची. तिचं बी भलं हुतं, घराचं बी भलं हुतं." त्या विठ्ठलरावांकडे वळल्या. "वटी भरून दिली तर न्याल का न्हाई?"

 विठ्ठलरावांना दोन मुली होत्या. "ओटी भरून देणार असाल तर आनंदाने नेईन, वहिनी," ते म्हणाले. "गिऱ्हाइकालाही सांगता येईल. चांगल्या घरची आहे म्हणून."

"आणि आमची?" दयानंद म्हणाला. "आमची लेक ठरली तर मीही नेतो. नाव पुन्हा चिकटवून घेईन. त्यात काय."

"मग झालं तर," रंभाबाईंनी पेले खाली ठेवले, आत जाऊन सुपात नारळ, तांदूळ आणि खणाचा तुकडा घेतला आणि सूप घेऊन ओसरीच्या मधोमध उभ्या राहिल्या. उजवीकडे टेबलाची, डावीकडे नळीची. "शंभू, आता येवढंच सांग. ह्यातली सून कुटली आन लेक कुटली?"

कोंडिबांनी टोपी सारखी केली. दादासाहेबांनी हात मागे बांधले. जिन्यातली मुलं दोन पायऱ्या खाली आली. कुडापलीकडे गंगूबाईंच्या पायाखाली आता पाट होता. सवयीने शंभूचे ओठ 'ब'साठी मिटले.

शुभांगीने ब्लेडसकट हात मागे घेतला.

शंभूने उजवीकडे बघितलं. नाव पुसलेली, कपाळावर फिकट गुलाबी स्वस्तिक घेऊन ती मोठ्या टेबलात शांत बसली होती. त्याने डावीकडे बघितलं. नळीवरच्या सुईला तोडलेला दोरा अजून लोंबत होता. मग त्याने आपल्या मांडीवरच्या ओझ्याकडे बघितलं, जे एव्हाना हळूहळू पुन्हा खाली सरकायला लागलं होतं, आणि लुंगीची गाठ एका हाताने घट्ट धरली.

"चामडं जड असतंय," तो म्हणाला.

"व्हय?" शुभांगी म्हणाली.

"टेबल नसलं तर खाली लोंबतंय. आन टाका वडतंय."

"आसं कोन म्हनलं?"

"तूच म्हनली व्हतीस. जेवताना."

"मग?"

शंभूने मोठा श्वास घेतला. 'बघू'च्या ज्या ऐसपैस जागेत तो इतके दिवस बसला होता, ती सोडून उठणं अवघड होतं. आज तर उठताच येत नव्हतं. तो बसूनच, पण वरच्या जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "टेबलाची सून. नळीची लेक."